सगळ्या चुली

मुलाखतीत मोठ्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर धरून मी त्यांच्यासमोर बसले होते, चिखलीपासून एसटीत उत्तरं घोकत आले होते, आणि बाईंनी फाइलला हातसुद्धा न लावता विचारलं, "आज कोणाच्या हातचं खाऊन आल्या?"

"मेसचं," मी म्हटलं.

"मेसले हात असते काय? कोण रांधते तिथं?"

मला माहीत नव्हतं. राग मात्र आला. मोताळ्याकडचं घर सोडून चिखलीत एकटी खोली घेऊन राहणारी, कॉम्प्युटर शिकलेली मुलगी मी, आणि ही मुख्याध्यापिका मला भाकरी कोण थापतं ते विचारते! नोकरी मिळाली, ती दुसरं कोणी मुलाखतीला आलंच नव्हतं म्हणून मिळाली, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. पुढे एकदा बाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "समजूत बराबर हाय तुही."

मी आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं माणूस म्हणजे त्या बाई. हे मी उगाच नाही म्हणत. मला पटकन कोणाचं कौतुक वाटत नाही, आमच्या घरात ती रीतच नाही. पण बाईंचा विषय निघाला की माझा आवाज आपसूक खाली येतो.

दिसायला काही विशेष नव्हत्या. उंच, वाळक्या, साधी सुती साडी, पायात पुरुषी सँडल. एक जुनी मोपेड होती, तिचा हॉर्न कधीचाच मेला होता, त्यामुळे वाटेत बकरी येवो की संस्थेचे सचिव, बाई तोंडानंच ओरडायच्या, "सरका बे!" काखेत कायम काळी छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पावसात बाई सरळ भिजायच्या आणि छत्री कोरडी राहावी म्हणून पदराखाली धरायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मी वाळते. हिले वाळाले येळ लागते."

त्यांचा हजेरी घ्यायचा प्रकार तर जगात कुठे नसेल. हजर मुलांची नावं त्या घ्यायच्याच नाहीत. "जो हजर हाय तो दिसते. त्याचं काय नाव घ्याचं?" वर्गात आल्या की शेवटच्या बाकावर पोरांमध्ये बसायच्या आणि म्हणायच्या, "कोण नाई ते सांगा." मग सगळ्या वर्गानं मिळून न आलेल्यांची नावं घ्यायची. नाव घेतलं की तो कुठे आहे हेही सांगायचं. वर्गाला ते सांगता आलं नाही तर बाई शिकवायला सुरुवात करत नसत. वाट बघत बसायच्या. शेवटी कोणीतरी म्हणायचं, "बाई, ती कापूस वेचाले गेली." त्यावर बाई, "कोणाच्या वावरात?" तेही कळलं की पुस्तक उघडायचं.

मी नवी होते तेव्हा मला हा वेळेचा निव्वळ नास वाटायचा. पुढे माझ्या लक्षात आलं की आमच्या शाळेतलं पोर न सांगता घरी राहतच नाही. आपण गेलो नाही तर आपलं नाव साऱ्या वर्गाच्या तोंडून निघणार, आणि कुठे आहोत ते कोणालातरी माहीत असावं लागणार, म्हणून पोरं आदल्या दिवशीच बाकावरच्या सोबत्याला सांगून ठेवायची.

भूमिती त्या पऱ्हाटीच्या काड्यांवर शिकवायच्या. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. चिखलीहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव, शाळेच्या तिन्ही बाजूंना कापूस, काड्यांना तोटा नव्हता. बीटी बियाणं आलं तेव्हा लोकांनी अळी कायमची मेली असं धरलं होतं, फवारणीचे पंप अडगळीत टाकले होते. मग काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून टरटरीत हिरवं दिसायचं आणि फोडलं की आत किडलेलं. बाई त्या वर्षीही काड्या घेऊन वर्गात आल्या, पण त्रिकोण मांडता मांडता थांबल्या आणि म्हणाल्या, "या काड्या ज्याच्या वावरातल्या, तो आज कुठं हाय?" तो माणूस कुटुंबासकट सुरतेला गेला होता.

त्याच्या आदल्या वर्षी संस्थेनं पोर्टल घेतलं होतं. पालकांना निरोप जायचे, पोरांची प्रगती दिसायची, असं ते पोर्टल. लिहिलेला निरोप जायचा आणि आवाज भरून ठेवला तर पालकाच्या फोनची घंटी वाजून तो ऐकू यायचा. आधी आम्ही फोनवर गट करायचो, दर जूनमध्ये एकेक क्रमांक हातानं घालायचा, एकेक काढायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणून पुण्याहून कंपनीचा माणूस शिकवायला आला आणि म्हणाला की आता गट स्वतःच बदलतील, तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. एकदा नियम सांगायचा. पाचवीची पोरं सहावीत गेली की त्यांचे पालक आपोआप सहावीच्या गटात. पोरीनं बसचा थांबा बदलला की तिचे पालक आपोआप दुसऱ्या बसच्या गटात. रोज पहाटे पोर्टल सगळे नियम पुन्हा वाचायचं आणि सगळे गट नव्यानं भरायचं.

बाई शेवटच्या बाकावर होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे आपन फक्त नियम सांगाचा, माणसं तो गोळा करते?"

"करेक्ट, मॅडम," पुण्याचा तो माणूस त्यांच्या बोलण्यावर जरासा हसत म्हणाला.

"आन् नियम कोण बनवते?"

"तुम्हीच."

"मंग तो फाटकात सांगता आला पायजे," बाई म्हणाल्या.

हे काय, ते मला संध्याकाळी कळलं. शाळा सुटायच्या वेळी बाईंनी मला फाटकात उभं केलं. पालक पोरांना न्यायला जमलेले. बाई म्हणाल्या, "वाच तुहे नियम. जो नियम यायच्या तोंडावर सांगता येत नाई, तो मशिनीत टाकाचा नाई." माझी मान खाली. पण सांगणार कोणाला? मी वाचलं, "पाचवीचा गट, म्हणजे पाचवीतल्या विद्यार्थ्यांच्या वडिलांचे क्रमांक."

एक बाई पोराचं दप्तर खांद्याला अडकवून उभी होती. ती म्हणाली, "बाप तं पुन्याले हाय, होळीलेच येते. मले कोण सांगन?"

एक म्हातारा म्हणाला, "याचे मायबाप दोघंबी नाईत इथं. म्या काय करू, पुन्याले जाऊन इचारू?"

सगळे हसले. मी तणतणत म्हटलं की वडील नसले तर आई, आई नसली तर आजोबा, असा क्रम लावता येतो. तर तिसरी म्हणाली की आमच्याकडे आजोबा आहेत पण पोरगा मावशीकडे जेवतो. माझ्या नियमाचं पार कोळिष्टक झालं. बाई छत्रीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या एक वाक्य घेऊनच. "ज्या चुलीवर पोर जेवते, ती चूल म्हंजे पालक."

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक माणसापुरतं आणि दुसरं चूलबंद. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, त्या चुलीवर जेवणारं जे कोणी असेल, म्हातारंकोतारं, आलेलं-गेलेलं, सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. तिथे कोणी नातं विचारत नाही. बाईंना पालकांचा गट तसा हवा होता. मी म्हटलं, "बाई, पोर्टलमध्ये आईवडिलांची जागा आहे, चुलीची नाही. आणि आता घरोघरी गॅस आहे."

"गॅसले लोक चूल नाई म्हनत काय? जागा नसन तं कर."

पुण्याच्या माणसाला फोन लावला. तो आधी खूप हसला, मग त्यानं एक कोरा रकाना कसा जोडायचा ते सांगितलं. त्याला मी नाव दिलं, चूल. प्रत्येक पोरासमोर त्या चुलीवर रांधणाऱ्या माणसाचा क्रमांक. सगळे गट आता त्यावरून भरायचे. पाचवीच्या चुली, सहावीच्या चुली, मेहकर बसच्या चुली. आणि सगळ्यांत वर एक मोठा गट, सगळ्या चुली. बाईंच्या हट्टानं त्यात शिक्षकसुद्धा आले, कारण "मास्तर काय हवा खाते?" सगळ्या शिक्षकांनी बायकांचे, आयांचे क्रमांक दिले. माझ्यासमोरची जागा मी कोरी ठेवली. मेसचा क्रमांक द्यायला माझा अभिमान आडवा आला. बाई येता-जाता चिडवायच्या, "कोरी चूल! ओ कोरी चूल!"

मग दर सोमवारी, जेवायच्या सुट्टीत, बाई पोरांच्या पंगतीतून फिरत विचारायच्या, "कोणाची चूल बदलली?" हात वर व्हायचे. मी लिहून घ्यायची आणि पोर्टलमध्ये घालायची. बाकीचं पहाटे आपोआप. बोंडअळीच्या त्या हिवाळ्यात दर सोमवारी इतके हात वर यायचे की गाव कुठे कुठे पांगतंय ते तलाठ्याआधी आमच्या पोर्टलला कळायचं. कोणी आत्याकडे, कोणी आजीकडे, कोणी शेजारी. मला वाटलं होतं की पोरांना सांगायला लाज वाटेल. पण बाई असं विचारायच्या की जणू चूल बदलणं म्हणजे बाक बदलणं. आणि दर शनिवारी त्यांच्या आवाजातला निरोप त्या सगळ्या चुलींना जायचा. "मी मोठी बाई बोलून राह्यली," अशी सुरुवात. माणसं त्या भरून ठेवलेल्या आवाजाला उत्तरं द्यायची. एका आजीनं मला सांगितलं, "म्या तिले दोनदा हाव म्हनलं, पन ती आपलंच बोलत जाते."

मी सांगते आहे ती गोष्ट त्याच हिवाळ्यातली. दहावीत दुर्गा नावाची मुलगी होती. काळीसावळी, तिखट, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. बाईंच्या मते ती बोर्डात नाव काढणार होती. दिवाळी झाल्यावर तिचे आईवडील धाकट्या भावाला घेऊन जालन्याच्या पलीकडे वीटभट्टीवर गेले. दहावी म्हणून दुर्गाला मागे ठेवलं, शेजारच्या खालाकडे, साऱ्या गल्लीच्या मावशीकडे. खालाचा नवरा पिंजारी, गाद्या भरायचा. त्यांची मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेलेली, आणि दोन्ही घरांची भिंत एक. दुर्गानं सोमवारी हात वर केला आणि सांगितलं, "खालाच्या चुलीवर." मी खालाचा क्रमांक घातला.

खालाला गटाचं भारी अप्रूप. फोनची घंटी वाजली की ती दारात येऊन उभी राहायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "इस्कूलसे बाई का फोन है, चूप रहो सब." दुर्गाचे सकाळी जादा तास असायचे, म्हणून खाला गरम डबा घेऊन रोज फाटकात यायची.

आणि एका सकाळी त्याच फाटकात दुर्गाचा बाप उभा. खांद्याला पिशवी, डोक्याला गमछा, अंगावर विटांची लाल धूळ. रात्रभर बस बदलत आला होता. बाई नेहमीप्रमाणे फाटकात होत्या, मी त्यांच्या शेजारी. पोरांना सोडायला आलेले चार पालकही होते.

"बाई, पोरीले न्याले आलो," तो म्हणाला. "दाखला द्या."

बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. आता दाखला काढून भट्टीवर गेलेली मुलगी पुन्हा बाकावर बसत नाही, हे काही कोणी मला सांगायला नको होतं.

"बसा आधी," बाई म्हणाल्या.

"बसत नाई. तुमी तिचं नाव काटलं, मले समजलं."

"नाव काटलं? कोण म्हनते?"

"कोनाले म्हनाची गरज काय? इथं होतो तवा दर शनिवारी तुमचा आवाज यायचा. भट्टीवर गेल्यावर एक शनिवार आला. सगळ्यायले आयकवला म्या, मुकादमालेबी आयकवला. पाहा म्हटलं, माह्या पोरीची शाळा. मंग एकदम बंद. शाळेचा फोन लागत नाई. पोरीले इचारलं तं म्हनते सगळं बराबर हाय. पोरी असंच म्हनते, बापाच्या जिवाले घोर नको म्हून. नाव काटल्याबिगर शाळा गप बसन काय? मंग इथं तरनी पोर एकटी कायले ठेवू?"

शाळेचा फोन पावसाळ्यापासून मेलेला होता, ते खरंच. मी घाईघाईनं म्हटलं, "अहो, नाव नाही काटलं कोणी. चूल बदलली ना, म्हणून तुम्ही गटातून आपोआप निघालात."

बाई माझ्याकडे वळल्या. "आपोआप नावाचा कोनी आपल्या शाळेत नोकरीले हाय काय?"

मग बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "मी काढलं तुमाले."

"काऊन?"

आणि आता बाईंना तो नियम फाटकात उभं राहून सांगायचा होता. स्वतःच घातलेली अट. पालकांच्या हशात, कौतुकात इतक्यांदा सांगितलेलं वाक्य, ते त्यांनी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगितलं. आवाज जरासाही खाली आणला नाही. "ज्या चुलीवर पोर जेवते, ती चूल म्हंजे पालक. दुर्गा खालाच्या चुलीवर जेवते. म्हून तुमी निंगाले."

तोवर खाला डबा घेऊन पोचली होती आणि बापाचा आवाज ऐकून दुर्गा वर्गातून धावत आली होती. बाप तिला म्हणाला, "तू सांगतलं असं?"

दुर्गा बाईंकडे बघत म्हणाली, "बाईनं इचारलं जेवते कुठं. म्या जेवन कुठं ते सांगतलं. बाप बदलला काय, ते कोनी इचारलंच नाई."

बाप म्हणाला, "खालाले इचारा, जवारी कोनाची हाय. जाताना घरातली सारी जवारी तिच्या घरी उतरवून गेलतो. अळी पऱ्हाटीत निंगाली बाई, जवारीत नाई. ती भाकर माह्या वावरातली हाय."

"सच है," खाला म्हणाली. "दाना इसका, आटा मैं पिसवाती. दोनों टाइम की रोटी पे नाम इसकाच लेती मैं."

मी बाईंकडे बघितलं. वाटलं, आता त्या काहीतरी समजुतीचं बोलतील. मुख्याध्यापक बोलतात तसं, की गैरसमज झाला, तांत्रिक कारण होतं. बाईंनी काखेतली छत्री काढून भिंतीला टेकवली. हात मोकळे केले. आणि त्या चार पालकांसमोर, पोरांसमोर, चपराश्यासमोर म्हणाल्या, "चुकलं माह्यं."

एवढंच. माझ्या नोकरीत मी कितीतरी मुख्याध्यापक, अधिकारी, पदाधिकारी पाहिले. फाटकात उभं राहून हे दोन शब्द म्हणणारं दुसरं कोणी पाहिलं नाही. तेही विटांच्या धुळीनं माखलेल्या माणसाला, जो स्वतःही तेवढ्यानं गोंधळून गेला होता.

विचार करताना त्यांचे ओठ हलायचे, तसे हलले. म्हणाल्या, "नियम बदलू. आयका आन् सांगा चालते का. चूल पेटवणारा आन् चुलीत दाना देणारा, दोघंबी पालक. गटात येनं आपोआप. गटातून जानं आपोआप नाई. कोनाले काढाचं असन, तं शाळेतलं मानूस त्याच्या दारात जाऊन सांगन. बोला. चालते?"

त्या विचारत होत्या. खरंच विचारत होत्या, उत्तराची वाट बघत होत्या. बापानं गमछ्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "चालते."

"दाखल्याचं काय करता?"

तो दुर्गाकडे बघत राहिला. बाईंनी एक शब्द मध्ये टाकला नाही. पोरगी हुशार आहे, नाव काढेल, आयुष्याचं नुकसान होईल, यातलं काहीच म्हणाल्या नाहीत. मला तर ओरडावंसं वाटत होतं. शेवटी खालाच म्हणाली, "पहले खाना खाव. भूके पेट फैसला नक्को करो." आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी तिनं काढून घेतली.

दुपारी तो परत फाटकात आला. अंघोळ केलेली, पोट भरलेलं, भांग पाडलेला. म्हणाला, "तिच्या पेपरायच्या टायमाले माय येईन तिची. म्या जातो, भट्टीवर खाडा पडते." आणि मेहकरच्या गाडीत बसून एकटाच गेला. दुर्गा खिडकीशी उभी होती. ती रडली नाही, तिनं वर्गात येऊन माझ्या कॉम्प्युटरच्या तासाला माझ्याच तीन चुका काढल्या.

मी बापाचा क्रमांक लगेच पोर्टलमध्ये घातला. त्या शनिवारी बाईंनी निरोप भरला तेव्हा मी समोर होते. "मी मोठी बाई बोलून राह्यली. आज दहावीत दुर्गा हजर हाय." मी चमकले. हजर पोराचं नाव बाईंनी जन्मात घेतलं नव्हतं. जो हजर आहे तो दिसतो, हे त्यांचं ब्रीद. म्हटलं, "बाई, हजर?" त्या म्हणाल्या, "त्याले कुठून दिसते?"

पण तो निरोप एकट्या बापाला थोडाच गेला? सगळ्या चुलींना गेला. दुसऱ्या आठवड्यात लोक फाटकात भांडायला आले की आमच्या पोराचं नाव काऊन नाई घेतलं. तेव्हापासून दर शनिवारी बाई दूर गेलेल्या प्रत्येकाच्या पोराचं नाव घ्यायच्या. निरोप लांबत जायचा, पोर्टल त्यांना मध्येच तोडायचं, बाई त्याला शिव्या देऊन राहिलेली नावं पुन्हा भरायच्या.

दुर्गाच्या पेपरांना तिची आई आली, आणि दुर्गानं बाईंचा शब्द राखला. शाळेचं नाव पेपरात यावं इतके मार्क पडले. मग नवीन नियमाप्रमाणे पुढचं काम आलं. शाळा सोडून गेलेल्या पोरांच्या चुली गटातून काढायच्या, पण दारात जाऊन. बाई मोपेडवर निघायच्या, मी मागे बसायची. प्रत्येक दारात त्या सांगायच्या, "तुमचं पोर पास झालं. आता माह्या आवाजाची घंटी वाजनार नाई." खालाच्या दारात गेलो तेव्हा दुर्गाचा बापही आलेला होता. खाला म्हणाली, "मेरा नक्को निकालो, बाई. आदत पड गई." बाप हसला आणि म्हणाला, "काढा, बाई. तुमी दारात आले, बस झालं."

असल्या दारांतून बाईंनी मला वर्षानुवर्षं फिरवलं. ज्या मशिनीनं कंपनीच्या माणसाच्या मते आमचं काम कमी व्हायचं होतं, तिनं आमचं काम वाढवलं. मी कुरकुरायची आणि जायची.

मग एक दिवस बाई निवृत्त झाल्या. भाषण केलं नाही. निरोपाला मिळालेला गजरा चपराशीणबाईंच्या केसात माळला, छत्री काखेत मारली आणि मेहकरला भावाच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला गेल्या. पोर्टलमध्ये निवृत्तीची तारीख भरलेली होती. दुसऱ्या सकाळी मी उघडलं तर पोर्टल विचारत होतं की या सदस्याला शिक्षकांच्या गटातून काढायचं का.

नियम म्हणजे नियम. सुट्टीच्या दिवशी मी सकाळची गाडी धरली आणि मेहकरला गेले. बाईंच्या अंगणाला तारेचं लहानसं फाटक होतं. बाई तुळशीला पाणी घालत होत्या. मी फाटकाबाहेरच थांबले.

"बाई, नियमानं आले. तुम्हाला गटातून काढायचंय."

तांब्या खाली ठेवून त्या फाटकाशी आल्या. "सांग."

वाटेत मी सारखी मनाशी म्हणत होते की हा नियम त्यांच्या तोंडावर आपल्याला सांगताच येणार नाही. पण त्यांनीच शिकवलेलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "जो शाळेत शिकवत नाही, तो शिक्षकांच्या गटात राहत नाही."

बाईंचे ओठ हलले. मग म्हणाल्या, "बराबर हाय. चालते."

आणि मला रडू फुटलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा, भर उजेडात, रस्त्यावर. बाईंनी मला रडू दिलं. फाटक उघडलं आणि विचारलं, "आज कोनाच्या हातचं खाऊन आली?"

"काहीच नाही खाल्लं अजून."

त्या आत गेल्या. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मी जेवले. शेवटची भाकरी नको म्हणाले तर त्यांनी ती कागदात गुंडाळून पिशवीत टाकली, वाटेत खायला.

घरी येऊन मी बाईंना शिक्षकांच्या गटातून माझ्या हातानं काढलं. मग माझं स्वतःचं नाव उघडलं. चुलीची जागा तशीच कोरी होती. तिथे बाईंचा क्रमांक लिहिला. पहाटे पोर्टलनं रोजच्यासारखे सगळे नियम पुन्हा वाचले आणि गट नव्यानं भरले.

शनिवारी शाळेचा निरोप गेला आणि संध्याकाळी बाईंचा फोन आला. "मले सगळ्या चुलीत कोनी घातलं?"

आपोआप, असं ओठांवर आलं होतं.

"मी घातलं, बाई," मी म्हटलं.